मुळांची साक्ष

सोमवारी सकाळी थंड खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर नऊ कुंड्यांचे क्रमांक होते, तळाशी विभागप्रमुखांची सही होती आणि मध्ये एकच वाक्य होते: 'वरील रोपांत गुणसूत्रांचे दुपटीकरण न झाल्याचे आढळल्याने ती शुक्रवारी अकरा वाजता वाफेच्या यंत्रात नष्ट करण्यात यावीत.' ज्या बाईंनी त्या नऊ कुंड्यांपायी आयुष्याची बारा वर्षे घातली, त्यांना ही बातमी दारावरच्या कागदाने कळावी, यात कोणालाही काही वावगे वाटले नव्हते. चिकटपट्टी मात्र चारही कोपऱ्यांना अगदी सरळ लावलेली होती. कार्यालयात काळजी घेतली जाते, नाही असे नाही. फक्त ती कागदाची घेतली जाते.

फुलझाडांच्या त्या संशोधन केंद्रात बाई तांत्रिक सहायक होत्या. वय चौपन्न, निवृत्तीला चार वर्षे. वनस्पतिशास्त्राच्या दोन्ही पदव्या पहिल्या वर्गात मिळवलेल्या. अधिकारीपदाच्या मुलाखतीला त्या तीनदा बसल्या. पहिल्या खेपेला अनुभव कमी पडला, दुसऱ्या खेपेला पदच रद्द झाले आणि तिसऱ्या खेपेला वय जास्त भरले. अनुभव आणि वय यांच्या मधले एखादे वर्ष योग्य असले पाहिजे, ते नेमके कोणते होते हे त्यांना कोणी सांगितले नाही. सगळे त्यांना कांदेबाई म्हणत, कारण त्या आयरिस नावाच्या ज्या बुटक्या फुलझाडांवर काम करीत, त्यांचे कंद लहान कांद्यासारखे दिसत: बोटाच्या पेराएवढे, वरून जाळीदार सालीचे. नावाचा त्यांना राग नव्हता. कांदा म्हणणाऱ्याने निदान कंद पाहिलेला असे.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी दोन रानटी जातींचा संकर केला होता. एक निळी, डोंगरउतारावरची, सोळा गुणसूत्रांची. दुसरी पिवळी, दगडाळ माळावरची, अठरा गुणसूत्रांची. दोघींच्या फुलण्यात तीन आठवड्यांचे अंतर, म्हणून निळीचे परागकण कागदी पुडीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे लागले. त्रेचाळीस फुलांवर प्रयोग केला, तेव्हा एक बी धरले. त्या एका बीचे रोप पाचव्या वर्षी फुलले. वीतभरही उंची नाही, आणि रंग असा की बाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. स्टीलचे भांडे रिकामे तापले की त्याच्या बुडावर निळसर, पिवळसर, जांभळट झाक येते. तो रंग पाकळीवर होता. असा आयरिस त्यांच्या पाहण्यात कुठेच नव्हता.

पण रोप वांझ निघाले. त्यात अपूर्व काही नव्हते. सोळातली आठ आणि अठरातली नऊ अशी सतरा गुणसूत्रे त्याच्या पदरात पडली होती, आणि बी धरायचे तर प्रत्येक गुणसूत्राला त्याचा जोडीदार सापडावा लागतो. इथे सतराच्या सतरा एकटी. परागकण रिकाम्या टरफलांसारखे, परागकोश फुटायचेच नाहीत. यावर उपाय एकच असतो: कोल्चिसिन नावाचे विष. ते पेशीची विभागणी अर्ध्यावर अडवते. गुणसूत्रांच्या प्रती निघालेल्या असतात, पण पेशीची दोन शकले होत नाहीत. सतराची चौतीस होतात आणि प्रत्येकाला आपला जोडीदार मिळतो. सांगायला सोपे आहे. बाईंनी दोन वर्षे कंद वाढवले, मग साठ तुकडे केले आणि प्रत्येकाच्या कोंबावर, खवल्यांच्या फटीतून, विषात भिजवलेल्या कापसाचे बोंड ठेवले. बुडाला थेंब लागू दिला नाही, कारण बूड मेले की कंद मेला. एक्कावन्न तुकडे तरीही कुजले. नऊ जगले. त्यांना फुलायला आणखी पाच वर्षे लागणार होती, आणि ती पाच वर्षे या वसंतात पुरी होत होती.

तेवढ्यात नव्या विभागप्रमुखांना थंड खोलीतली मांडणी रिकामी हवी झाली. नियमाप्रमाणे नऊही रोपांच्या मुळांची टोके कापून तपासली गेली. प्रत्येक मुळात सतरा गुणसूत्रे. मोजणी चोख होती. बाईंनी स्वतः काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या, आकडा तोच आला. रासायनिक प्रक्रिया केलेले आणि अयशस्वी ठरलेले रोप केंद्राबाहेर नेता येत नाही, कोणाला देता येत नाही. ते वाफेच्या यंत्रातच जाते.

सोमवार आणि मंगळवार त्यांनी काहीच केले नाही. आकड्यांशी भांडायचे नाही, ही त्यांची जन्माची शिस्त होती.

बुधवारी सकाळी सहा क्रमांकाच्या कुंडीत फूल उमलले. बाई ते पाहायला वाकल्या. शेवटचे पाहून घ्यावे, एवढाच हेतू. परागकोशाला नख लागले आणि नखावर पिवळी पूड आली.

त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. या संकराचा परागकोश कधी फुटत नाही. तो फुलात दोऱ्यासारखा वाळून जातो. सात वर्षे दर वसंतात त्यांनी ते पाहिले होते. मग त्यांनी दुसरा, न फुटलेला कोश सुईने उघडला, पूड लाल रंगद्रव्यात टाकली आणि मोजायला घेतले. भरलेला कण लाल होतो, रिकामा पांढरा राहतो. दोनशेत एकशे एकतीस लाल. पूर्वी हजारात दोन सापडले तरी त्या वहीत अधोरेखित करीत.

मुळे सतरा सांगत होती, फूल चौतीस सांगत होते, आणि दोघेही खरे होते. विष कोंबावर ठेवले होते, बुडाला लागू दिले नव्हते. कोंबातून पाने आणि फूल आले. मुळे बुडातून आली, जिथे विष पोचलेच नाही. मुळांना विचारून फुलाचा निकाल लावला गेला होता. आणि मुळांना विचारावे, हा नियम पंधरा वर्षांपूर्वी केंद्राच्या कार्यपुस्तिकेत खुद्द बाईंनी लिहिला होता. पुस्तिकेवर नाव तेव्हाच्या संचालकांचे होते. तिचे कौतुक झाले तेव्हा ती त्यांची होती.

विभागप्रमुख चाळिशीचे होते. पंधरा वर्षांपूर्वी ते इथेच प्रशिक्षणार्थी होते आणि काचपट्टी कशी दाबायची हे बाईंकडूनच शिकले होते. तेव्हा ते त्यांना मॅडम म्हणत. आता बाई म्हणत.

"साहेब, एक काचपट्टी बघता का?"

"शुक्रवारच्या कुंड्यांबद्दल असेल तर आधीच सांगतो बाई, निर्णय झालाय."

"त्याच्याबद्दलच आहे. सहा नंबरचे परागकण भरलेत. दोनशेत एकशे एकतीस."

"शेजारी रानटी जातींच्या कुंड्या फुलल्यात. तिकडून उडून आले असतील."

"न फुटलेल्या कोशातून काढलेत, सुईनं. बघा तरी."

साहेबांनी बघितले नाही. त्यांनी खणातून कार्यपुस्तिका काढली. "पान अकरा. 'दुपटीकरणाची खात्री मुळांच्या टोकांवरूनच करावी.' वरूनच, बाई. यात 'च' आहे."

"मीच लिहिलंय ते."

"हो ना. मग?"

"पद्धत चुकीची आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

साहेबांनी पुस्तिका मिटली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे वाटले असते. "माझ्या लिली आठवतात? चाळीस कुंड्या. मीही कोंबावरच कापूस ठेवला होता. मुळं कोणी मोजली?"

"मी."

"चोवीस, चोवीस, चोवीस, म्हणजे दुप्पट नाहीत. चाळीस लाल फुल्या मारल्यात तुम्ही. मी म्हटलं, फूल येईपर्यंत थांबू या. तुम्ही काय म्हणालात?"

बाईंना ते शब्द आठवत होते.

"'मुळं खोटं बोलत नाहीत,' म्हणालात. त्याच वाफेत गेल्या त्या. माझी दोन वर्षं गेली."

"मुळं खरंच खोटं बोलली नव्हती, साहेब. मी भलतंच विचारलं त्यांना."

पुस्तिका परत खणात गेली. मग साहेब म्हणाले, "ज्या पेशींतून बी होतं, त्या पेशींतली गुणसूत्रं मोजून दाखवा. परागकण नकोत, गुणसूत्रं. शुक्रवारी अकराच्या आत. आणि पुस्तिकेतली पद्धत चुकीची आहे, हे लेखी द्या. तुमच्या नावानं."

त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, लिहून दिले. तो कागद त्याच दुपारी त्यांच्या सेवा-फाइलीत लागला. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या तातडीने फाइलीत पोचलेला त्यांचा हा पहिलाच कागद.

आता खरा पेच पुढे होता. गुणसूत्रे फक्त विभागणाऱ्या पेशीत मोजता येतात, आणि उमललेल्या फुलात विभागणाऱ्या पेशी एकाच जागी उरतात: बीजांडकोशात. या जातीत तो मातीखाली, कंदाच्या डोक्याशी असतो. तो कापला तर पुरावा मिळेल आणि कुंडी वाचेल; पण बी धरणार नाही. फूल गेल्यावर हा कंद तांदळाएवढ्या कण्यांत फुटतो आणि त्या कण्यांना फुलायला पाच वर्षे लागतात. निवृत्तीपर्यंत बाईंच्या हाती चार होती. न कापता परागण केले तर कदाचित बी धरेल. पण ते मातीतून वर यायला सात आठवडे, आणि कुंडी शुक्रवारी अकराला वाफेत.

त्यांनी आधी परागण करून टाकले. फुलाचीच पूड फुलाच्या पराग झेलणाऱ्या तिन्ही ओठांवर लावली. हात सवयीने चालला.

घरी थोरली बहीण असे. गणिताची शिक्षिका होती, आता निवृत्त. दोघी दोन खोल्यांत राहत आणि एकमेकींचे जेवण मोजत. ताईने ताटाकडे बघून विचारले, "एकच पोळी? कोण मेलं?"

बाईंनी सगळे सांगितले.

"मग डब्यात घालून आण घरी. एवढीशी तर कुंडी. रोज रिकामाच डबा आणतेस."

"चोरून?"

"तुझंच आहे ना ते?"

"ताई, चोरून आणलं की ते कुणाचंच नाही. नोंद नाही, क्रमांक नाही. उद्या मी काय सांगू, हे फूल आमच्या खिडकीत आपोआप आलं? बारा वर्षं केलं ते खिडकीत ठेवायला नाही."

"मग बस मानानं रडत." ताईने भाजी वाढली. थोड्या वेळाने, वर न बघता, ती म्हणाली, "त्या कोशाला कप्पे किती असतात?"

"तीन."

"मग तिन्ही कशाला कापतेस?"

बाईंनी घास हातात तसाच धरला. एक कप्पा उघडून उरलेले दोन जगवायचे, असे कोणी केल्याचे त्यांनी वाचले नव्हते. जखम कुजण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. पण अशक्य म्हणावे, असे त्यात काही नव्हते.

गुरुवारी सकाळी नऊला त्यांनी कुंडीतली माती चमच्याने बाजूला केली. कोश काडीपेटीतल्या काडीइतका जाड होता. नवे पाते ज्योतीवर धरून थंड केले, श्वास रोखला आणि एका बाजूने उभी चीर दिली. सुईच्या टोकावर पांढरी बीजांडे आली, साखरेच्या कणांएवढी. जखमेवर कोळशाची पूड दाबली. त्यांची पाठ घामाने भिजली होती, आणि खोलीचे तापमान पाच अंश होते.

त्या पाच अंशांनीच घात केला. दोन तासांनी काचपट्ट्या पाहिल्या, तर प्रत्येक पेशी निवांत. गोल गुळगुळीत केंद्रके, एकही विभागत नव्हती. थंडीत पेशींचे काम मंदावते. कुंडी आधी उबेत ठेवायला हवी होती. ही गोष्ट त्या दरवर्षी नव्या प्रशिक्षणार्थींना पहिल्याच दिवशी सांगत. घाईत स्वतःच विसरल्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, अगदी शब्दशः, आणि चष्मा खाली पडला.

एक कप्पा फुकट गेला होता. त्यांनी कुंडी उचलून ओव्हनशेजारच्या टेबलावर ठेवली आणि तिथेच स्टूल घेऊन बसल्या. उबेने पेशी जाग्या होतील, पण त्याच उबेने फूलही लवकर कोमेजणार. दुपारी दोनला पाकळ्यांच्या कडा आत वळू लागल्या. तीनला फूल झुकले. येणारेजाणारे विचारत, "काय कांदेबाई, अंडी उबवताय?" त्या हो म्हणत. चार वाजता त्यांनी दुसरा कप्पा उघडला. बीजांडे, पेशी आहेत तशा थांबवणाऱ्या स्थिरक द्रावणात टाकून बाटलीवर वेळ लिहिली. मग माती परत लोटली. आत आता एकच कप्पा शाबूत होता.

शुक्रवारी साडेनऊला पहिली काचपट्टी दाबली. बीजांडावर झाकणकाच ठेवून अंगठ्याने दाब द्यायचा. कमी पडला तर गुणसूत्रे गुंत्यात राहतात, जास्त झाला तर पेशी फुटून ती विखुरतात. पहिलीत गुंता. दुसरीत काच तडकली. तिसरीत पेशी विभागत होत्या, पण गुणसूत्रे एका गोळ्यात. बाईंनी अंगठा पुसला, हात झटकला, खुर्चीत नीट बसल्या आणि चौथी दाबली.

एका पेशीत गुणसूत्रे पसरलेली होती, सांडलेल्या काड्यांसारखी. बाईंनी ती मोजली. मग उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या आणि पुन्हा मोजली.

दहा पस्तीसला वाफेच्या यंत्रावरचा कामगार ढकलगाडी घेऊन दारात आला. "बाई, नऊ ना?"

"आठ किंवा नऊ."

"किंवा? आमच्या फॉर्मात किंवा नाही. एकदा भट्टी लावली की मी दार उघडणार नाही, आधीच सांगतो."

"साहेबांना विचारून सांगते. पाच मिनिटं थांब."

"पाच म्हणजे पाचच ना? का पाच किंवा दहा?"

साहेब आले. बसले नाहीत, उभ्यानेच सूक्ष्मदर्शकात वाकले. त्यांचे ओठ हलत होते.

"तेहतीस," साहेब म्हणाले.

"डावीकडे खाली दोन एकमेकांवर आहेत. फोकस हलवा."

साहेबांनी चाक किंचित फिरवले. ओठ पुन्हा पहिल्यापासून हलले. "चौतीस." मग मान वर करून ते म्हणाले, "एका पेशीवर मी सही करणार नाही."

"शोधा दुसरी. तुम्हीच शोधा."

मग मात्र ते बसले. काचपट्टी बोटाने सरकवत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास झाले. बाई त्यांच्या खांद्यामागे उभ्या होत्या. पदराचे टोक दोन बोटांत पिळत राहिल्या. दहा चोपन्नला साहेबांचा हात थांबला. ते बराच वेळ मोजत होते, एका पेशीला लागतो त्याहून जास्त वेळ.

"चौतीस," ते म्हणाले. डोळा काढला नाही. "माझ्या त्या लिली... त्यांतल्या किती झाल्या असतील?"

"माहीत नाही, साहेब. आता कधीच कळणार नाही."

"अंदाज?"

"अंदाज सांगून मी आणखी एकदा चुकणार नाही."

साहेब उठले. त्यांनी थंड खोलीच्या दारावरचा कागद काढला, सहाच्या आकड्यावर रेघ ओढली आणि बाजूला सही केली.

"बाकीच्या आठांना यंदा कळी धरली नाही, पुढच्या वर्षी फूल येईल," बाई म्हणाल्या. "एक वर्ष, साहेब. त्यांचीही मुळंच मोजलीत."

"एका कुंडीसाठी मी वर उत्तर देईन, मॅडम. नऊंसाठी माझ्याकडे पुरावा नाही." मॅडम हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला होता, दोघांनीही तो न ऐकल्यासारखे केले.

आठ कुंड्या बाईंनी स्वतः गाडीवर ठेवल्या. कामगाराने फॉर्मात आठ लिहिले, त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. यंत्राचे दार बंद झाले, आत वाफ सुटल्याचा आवाज आला, तरी त्या तिथून हलल्या नाहीत. लिलींच्या वेळी त्या थांबल्या नव्हत्या. चाळीस फुल्या मारून सरळ जेवायला गेल्या होत्या.

पुढचे सात आठवडे त्यांनी सहा नंबरची माती उकरून पाहिली नाही. पाहिले असते तर एकुलता कप्पाही कुजला असता. त्या पाणी मोजून घालत, पाने पिवळी पडताना बघत आणि वहीत तारीख टाकून पुढे रेघ ओढत. एका मंगळवारी मातीला तडा गेला आणि बियांचे बोंड वर आले: वाकडे, दोन बाजूंनी सुरकुतलेले, एका बाजूने फुगीर. आणखी बारा दिवसांनी ते उकलले.

बाईंनी केंद्राच्या फोनवरून घरी फोन लावला.

"धरलं का?" ताईने विचारले.

"धरलं."

"किती?"

"चार."

"चार? बारा वर्षांत चार?"

"आतापर्यंत शून्य होतं, ताई."

मग ताई म्हणाली, "नीट मोजलीस ना?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि फोन कानाशी तसाच धरून त्यांनी बशीतल्या बिया पुन्हा एकदा मोजल्या.